गाडीच्या एसीच्या टकटक आवाजाबद्दल दिलेल्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: डॅशबोर्डमधून टकटक येते म्हणून गाडी आमच्याकडे दिली. आम्ही गॅस भरला, फिल्टर बदलला, बिल लावलं आणि आवाज जसाच्या तसा. शेवटी मिरजेत दुसरीकडे ग्लोव्ह बॉक्स उतरवून छोटी मोटर बदलली तेव्हा थांबला. शिवाय एसी बंद केल्यावर येणारा सुस्स आवाजही आम्हाला कळला नाही.

टकटकीत चूक आमची. गाडी आली तेव्हा गेजवर लो साइडला (कमी दाबाच्या नळीत) दाब 15 पीएसआय होता, म्हणजे गॅस कमी. त्यामुळे कंप्रेसरचा, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचा, क्लच दर चार-पाच सेकंदांनी लागत-सुटत होता आणि प्रत्येक वेळी बॉनेटखाली 'टक' होत होतं. आमच्या मेकॅनिकने तेच तुमचं दुखणं समजून पुढचं तपासलंच नाही. तुमचा आवाज मात्र आतला: किल्ली ऑन केली की दहा-पंधरा सेकंद टिक-टिक-टिक, मग गप्प, तापमान 18 वरून 26 वर नेलं की पुन्हा सुरू. ही ब्लेंड डोअर अ‍ॅक्च्युएटरची खूण. गरम आणि गार हवा मिसळणारी झडप ही मोटर फिरवते. तिच्या प्लास्टिक गिअरचे दात झिजले की मोटर फिरते, पण झडप जागेवर जात नाही, आणि दात घसरताना टिकटिक होते.

हे इंजिन बंद ठेवूनच पकडायचं असतं. किल्ली ऑन, ब्लोअर शून्यावर, तापमान एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायचं. टिकटिक झाली तर अ‍ॅक्च्युएटर. मग हवा आत-बाहेर करायचं बटण दाबायचं, तिथेही अनेक गाड्यांत वेगळी मोटर असते. त्यानंतर ब्लोअर एक ते चार: स्पीडबरोबर फर्रर्र वाढली तर पंख्यात पान किंवा कचरा. तुमच्या फिल्टरवर कडुलिंबाची सुकी पानं खच्चून होती. गाडी झाडाखाली लावत असाल तर वायपरखालची जाळी दर महिन्याला झाडून घ्या. (ऊसतोडीच्या दिवसांत याच वाटेने उंदीर शिरतात आणि फिल्टरचा कापूस करतात, ते वेगळंच.) इंजिन चालू करायची वेळ यानंतर येते. एसी बंद असतानाही घरघर असेल तर पुलीचं बेअरिंग, कारण बेल्टवर पुली कायम फिरते. एसी लावल्यावरच घरघर आली तर क्लच किंवा कंप्रेसर. आम्ही सगळं चालू इंजिनवर ऐकलं, तिथेच फसलो.

गॅस उगाच भरला, हे मात्र मान्य नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर 450 ग्रॅम लिहिलंय, मशीनने तुमच्या गाडीतून काढला 210. साबणाच्या पाण्याने बघितलं तर लो साइडच्या सर्व्हिस पोर्टला (गॅस भरायच्या तोंडाला) बुडबुडे येत होते, म्हणजे गळती तिथे. तिथला व्हॉल्व्ह बदलला, अर्धा तास व्हॅक्यूम दिला, सुई हलली नाही म्हणजे गळती थांबली, मगच वजनावर गॅस सोडला. बिलात हे ओळीने आहे.

सुस्स आवाजाचं म्हणाल तर त्यात बिघाड नाही. एसी बंद केला की हाय (जास्त दाबाच्या) आणि लो साइडचा दाब मधल्या बारीक एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सारखा होतो, तो आवाज मिनिटभरात थांबतो. एसी चालू असताना सतत सुस्स आणि गारवाही कमी, असं झालं तर गाडी दाखवा. हीटर लावल्यावर पाणी खळखळल्यासारखं वाटलं तर कूलंट कमी आहे किंवा त्यात हवा धरली आहे. कॅप इंजिन थंड झाल्याशिवाय उघडू नका.

आवाज शोधायचे म्हणून घेतलेले पैसे परत करतो, गॅस आणि फिल्टरचे राहतील. बिल घेऊन या.

आणि मिरजेत एक विचारून घ्या: जुनी मोटर काढल्यावर झडपेची दांडी हाताने फिरवून पाहिली होती का? ती दोन बोटांनी सहज फिरायला हवी. डिफ्रॉस्टच्या (पुढच्या काचेवर हवा सोडणाऱ्या) फटीतून पेन, नाणं, काहीबाही आत पडतं आणि झडप अडकते. तसं असेल तर नव्या मोटरचे दातही काही महिन्यांत जातील. त्यांनी पाहिली नसेल तर गाडी रात्री आमच्याकडे सोडा. सकाळी इंजिन लावायच्या आधी बघतो, त्याचे पैसे नाहीत.