मोबाईल तर सगळ्यांकडे आहे

आज संध्याकाळी रहिवाशांच्या बैठकीत परिसरातील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एक छोटे संगणक केंद्र सुरू करण्याचा प्रस्ताव आला होता. एका सुशिक्षित, सुस्थितीतील गृहस्थांनी तो एका वाक्यात निकालात काढला: "अहो, आता मोबाईल तर सगळ्यांकडे आहे." उपस्थितांनी माना डोलावल्या आणि बैठक पार्किंगच्या विषयाकडे वळली, ज्यावर पुढे बराच वेळ तावातावाने चर्चा झाली. तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे, त्यामुळे लिहिणे लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी जिथे नोकरी करते तिथे सफाईचे काम करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्याकडे मोबाईल आहे, हे मी आधीच मान्य करून टाकते. त्याच्या काचेला तडा गेलेला आहे, त्यातली जागा कायम भरलेली असते, आणि घरात तो एकच असल्यामुळे मुलीचा अभ्यास, मुलाची कामाची शोधाशोध आणि मावशींना येणारे फोन हे सारे त्याच्यावरच चालते. गेल्या वर्षी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज फक्त ऑनलाइन भरायचा होता. ते संकेतस्थळ मोबाईलवर धड उघडेना, दाखल्याच्या फोटोची फाईल ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठी निघाली, तेव्हा मावशी पैसे घेऊन अर्ज भरून देणाऱ्या एका माणसाकडे गेल्या. अर्जाला ई-मेल हवा होता, म्हणून त्याने मावशींच्या नावाने एक उघडला, पासवर्ड स्वतःच ठरवला आणि पडताळणीसाठी क्रमांकही स्वतःचाच दिला. यंदा नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा तो माणूस आपला धंदा गुंडाळून निघून गेलेला होता आणि ओटीपी त्याच्या फोनवर जात होता. मावशी मला विचारत होत्या, "ताई, नाव तर माझंच दिसतंय, मग मला आत का जाऊ देत नाहीत?"

आता या मावशींना कोणत्या रकान्यात टाकायचे ते त्या गृहस्थांनी मला सांगावे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अहवालात जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटपासून दूर असल्याचे म्हटले आहे, आणि तो आकडा ऐकून आपण हळहळतो. परंतु या मोजणीत गेल्या तीन महिन्यांत कुठूनही, कोणत्याही साधनावरून एकदा जरी इंटरनेट वापरले तरी माणूस वापरकर्ता ठरतो. मावशी अधूनमधून बहिणीला व्हिडिओ कॉल करतात, म्हणजे त्या जगाच्या हिशेबात ऑनलाइन आहेत, आणि त्यांच्या मुलीची शिष्यवृत्ती मात्र अडकलेली आहे. खरी अडचण दूर राहिलेल्यांइतकीच या आत आलेल्यांचीही आहे, पण त्यांना कोणी मोजत नाही.

तीच गोष्ट खर्चाची. इंटरनेटची साधी मासिक सेवा देशाच्या दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून कमी खर्चात मिळावी, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०२५ साठी ठेवले होते. उद्दिष्ट चांगले आहे, पण मावशींचे उत्पन्न सरासरीइतके नाही, आणि सरासरीला परवडणारे रिचार्ज त्यांना महिनाअखेरीस पुढे ढकलावे लागते. रिचार्ज बराच काळ करायचे राहिले की क्रमांक बंद पडतो, कालांतराने तो दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि ज्या क्रमांकावर बँकेपासून रुग्णालयापर्यंत सारी ओळख टांगलेली असते तोच परक्याच्या खिशात जातो. ज्यांचे बिल दरमहा आपोआप भरले जाते त्यांना ही भीती कशी असते ते कळायचे नाही.

ऑनलाइन व्यवस्थेमुळे रांगा कमी झाल्या, चिरीमिरीही काही ठिकाणी थांबली, हे मी नाकारत नाही. ठीक आहे. पण रांगेत निदान कोणाशी तरी भांडता येत होते.

मावशींच्या वतीने मी संबंधित कार्यालयात गेले, तेव्हा मला सांगण्यात आले की नोंदणीकृत ई-मेल बदलायचा असल्यास तशी विनंती नोंदणीकृत ई-मेलवरूनच करावी लागेल. मी हे पुन्हा विचारून खात्री करून घेतली. समोरच्या कर्मचाऱ्याला त्यात काही विचित्र वाटत नव्हते, आणि त्याच्यावर रागावण्यातही अर्थ नव्हता, कारण त्याच्या हातात खरोखरच काही उरलेले नाही. राग येतो तो ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांचा, ज्यांनी खिडकी बंद करून कार्यालयाचा खर्च वाचवला आणि तोच खर्च अर्ज भरून देणाऱ्याची फी, बुडालेला रोज आणि दुसऱ्याच्या हाती गेलेला पासवर्ड अशा रूपांत सर्वांत गरीब माणसाच्या माथी मारला. यालाच आपण कार्यक्षमता म्हणतो आणि त्याबद्दल पुरस्कारही देतो!

हे असेच असावे लागते, असेही नाही. डेन्मार्कने २०१४ पासून नागरिकांना सरकारी पत्रे डिजिटल पेटीत घेणे सक्तीचे केले, पण ज्यांना ते शक्य नाही त्यांना सूट मागण्याची वाट ठेवली. फिनलंडने २०१० मध्ये १ एमबीपीएस वेगाची इंटरनेट जोडणी हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क ठरवला. उलट अमेरिकेत २ कोटींहून अधिक कुटुंबांना इंटरनेटच्या बिलात सवलत देणारी योजना निधी संपल्यामुळे २०२४ मध्ये बंद झाली. त्या कुटुंबांकडेही मोबाईल असतीलच, नाही का?

थोडे शांत होऊन लिहिते. ते गृहस्थ वाईट नाहीत. त्यांच्या प्रवासाचे आरक्षण त्यांचा मुलगा करतो, कराचे विवरणपत्र सल्लागार भरतो, आणि बँकेचे ॲप अडले की सून बघते. त्यात गैर काहीच नाही, माझेही तसेच चालते. आपल्यापैकी बहुतेकांच्या मागे असे कोणीतरी विश्वासाचे माणूस उभे असते, आणि ते इतके सहज असते की मोबाईल हातात आला म्हणजे काम झाले असे आपल्याला वाटू लागते. मावशींना ते माणूस विकत घ्यावे लागले, आणि ते निघून गेले.

म्हणून त्या केंद्राबद्दल माझे म्हणणे असे की संगणक कमी ठेवा, जुने ठेवा, पण तिथे पगारावर एक माणूस बसवा. स्वयंसेवक उत्साहाने येतात आणि परीक्षा किंवा सुट्ट्या आल्या की दिसेनासे होतात (मीही त्यांतलीच आहे, मला नावे ठेवू नका). केंद्र संध्याकाळी उघडे हवे, कारण दिवसा ही माणसे कामावर असतात. स्कॅनर आणि प्रिंटर हवेत. अर्ज भरताना क्रमांक अर्जदाराचाच घातला जाईल आणि पासवर्ड तिच्याच हाताने टाकला जाईल, मग त्याला कितीही वेळ लागो, हा नियम हवा. संगणक साक्षरतेचे वर्गही घ्या, माझी हरकत नाही, पण दिवसभर उभ्याने काम करून आलेल्या बाईला आधी माउस धरायला शिका असे सांगण्यापूर्वी तिचा अडलेला अर्ज पुढे न्या.

पुढच्या बैठकीत मी हा प्रस्ताव पगाराच्या रकमेसह पुन्हा मांडणार आहे. या परिसरात राहणाऱ्या मित्रमैत्रिणींनी कृपया या पोस्टला बदाम टाकून न थांबता बैठकीला यावे आणि हात वर करावा. आणि दुसऱ्याच्या क्रमांकाशी जोडलेले ई-मेल खाते परत मिळवण्याचा अनुभव कोणाला असेल तर मला आजच कळवा. मावशींच्या अर्जाची मुदत अजून संपलेली नाही.