किंगपिन निघता निघेना

ट्रकचं पुढचं चाक जॅकवर उचलायचं, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं दोन हातांनी धरायचं आणि गदागदा हलवायचं. माझं चाक पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं हललं. मित्रानं आत बसून ब्रेक दाबून धरला (त्यानं बेरिंगची ढिलाई दिसेनाशी होते), तरी हललं. म्हणजे बेरिंग निर्दोष सुटलं आणि आरोप थेट किंगपिनवर आला.

किंगपिन म्हणजे काय, तर गोल पोलादी दांडका. अ‍ॅक्सलच्या टोकाला चाकाचा स्टब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो आखूड दांडा, ह्या दांडक्याभोवती वळतो. वर एक बुश, खाली एक बुश, म्हणजे पिनभोवती बसणारी धातूची नळकांडी. बुश झिजले की स्टेअरिंग थरथरतं आणि टायर एका बाजूनं खाल्ला जातो. हे होऊ नये म्हणून तिथं ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची छोटी तोंडं, दिलेले असतात. मी ते इतकी वर्षं शोभेचे समजत होतो.

"गॅरेज कशाला? चौघं आहोत, घरीच काढू," असं म्हणणाऱ्या गाढवाचं नाव सांगत नाही. ट्रक त्याचाच होता.

मागच्या चाकांना ओंडके लावले, पुढचा अ‍ॅक्सल घोड्यांवर टेकवला, चाक आणि ड्रम उतरवला. दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे टायरॉडचा, नट काढून आर्मच्या बाजूला एक सणसणीत फटका मारला, तर टायरॉड एंड टपकन सुटला. इथंच आमचं डोकं फिरलं. एका फटक्यात काम झालं की माणसाला आपण जन्मजात मेकॅनिक असल्याचा भास होतो.

किंगपिन सरकू नये म्हणून अ‍ॅक्सलमधून आडवा एक कॉटर, म्हणजे पोलादी पाचर, घुसवलेला असतो, तो तिच्या खाचेत बसतो. तो आम्ही ठोकून काढला आणि एकमेकांना टाळ्या दिल्या. आता पिन वरून खाली ठोकायची, बस.

जिमवाल्या मित्रानं घण घेतला. पहिल्या फटक्याला पिन हलली नाही, ट्रक हलला. दहाव्या फटक्याला मित्र हलला. मग मी, मग पुन्हा तो. "गंजलीय, डिझेल ओत." ओतलं. "आता मुरू दे." मुरू दिलं. "गॅसनं तापव." तापवलं, तर मुरलेलं डिझेल भपकन पेटलं आणि माझी एक भुवई अर्ध्यावर आली. मोबाइलवर व्हिडिओ बघून सूचना देणारा म्हणाला, "ह्यांची तर पंधरा मिनिटांत निघाली रे." मी त्याला घण देऊ केला. त्याला अचानक एक फोन आला.

संध्याकाळपर्यंत पिनचं डोकं चेपून भाकरीसारखं पसरलं होतं, आणि तेवढं सोडलं तर ती रेसभरही सरकली नव्हती. तिच्याशी बोलताना आम्ही कोणती भाषा वापरली ते इथं लिहिता येणार नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

चौथा मित्र दिवसभर बॅटरी धरून उभा होता. त्याला हत्यारातलं काही कळत नाही, म्हणून त्याला तेवढंच काम दिलं होतं. कंटाळून तो स्क्रू ड्रायव्हरनं अ‍ॅक्सलवरचा मळ खरवडत बसला होता. वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस, अगदी खरवसाच्या वडीसारखा थर. त्यातून नाण्याएवढं चकचकीत काहीतरी उघडं पडलं.

"अरे, हे काय आहे?" त्यानं विचारलं.

घण खाली ठेवण्याचा आवाज झाला. मग बराच वेळ कसलाच आवाज झाला नाही.

काही ट्रकांच्या किंगपिनला दोन कॉटर असतात. आम्ही दिवसभर कुलूप न काढता दार फोडत होतो.

दुसरा कॉटर काढल्यावर, डोक्याची भाकरी ग्राइंडरनं घासल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी पिन निघाली. पुढचं सगळं सरळ झालं. नवे बुश तेवढे वर्कशॉपमध्ये बसवून पिनच्या मापाला रिम करून, म्हणजे आतलं भोक घासून, आणले. बुशचं भोक आणि निपलचं भोक समोरासमोर आहे ना, हे मी तीनदा बघितलं. नाहीतर कितीही पंप मारा, ग्रीस आत जाणार कुठून?

मग उरली डावी बाजू. ह्यावेळी जय्यत तयारी होती. मळ आधी खरवडला, दोन्ही कॉटर मोजून काढले. घणाला नवा दांडा बसवला होता. काल फोन आलेला व्हिडिओवाला आज हट्टानं पुढं झाला, तळहातावर थुंकला, श्वास रोखला आणि हाणला.

पिन एका फटक्यात खाली येऊन जमिनीवर ठण्णकन पडली.

तो घण धरून तसाच उभा. चेहरा असा, की कुणीतरी ताटावरून उठवलंय. आम्ही पिन उचलली, पुसली, बाजूला ठेवली, तरी तो हलेना.

शेवटी त्यानं अंगणभर नजर फिरवली आणि फाटकाकडे बघत विचारलं, "ती बिजागरी पण जाम आहे ना रे तुझी?"