सत्तरीनंतर सगळं फुकट? मग गोळ्यांचं बिल कुणाचं?

सध्या गावाकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सत्तरीपुढच्या सगळ्यांना कार्डावर सगळे उपचार फुकट. कुठल्याही दवाखान्यात जा, औषधं-तपासण्या सगळं आलं. प्रत्येकाला ५ लाख. म्हाताऱ्यांच्या खर्चाचं रडगाणं गाणारी पोरं नुसते बहाणे करतात.’ माझ्या काकूला कुणीतरी तो वाचून दाखवला आणि तिनं बीपीच्या गोळ्या मागवणंच बंद केलं. कार्ड आलं की फुकटच मिळणार, मग पोराच्या खिशाला चाट कशाला?

खरं आहे तेवढं आधी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत ही केंद्र सरकारची मोफत उपचारांची योजना सत्तरीपुढच्या प्रत्येकाला लागू आहे. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. हृदयाचं ऑपरेशन निघालं तर हे कार्ड घर वाचवतं. काढाच.

पण ‘औषधं-तपासण्या सगळं’ ही शुद्ध थाप. योजना आहे दवाखान्यात भरती होणाऱ्यासाठी. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, औषधं-तपासण्यांची सोय एवढीच. बीपी, शुगर, दमा ही दुखणी माणूस हिंडत-फिरत वर्षानुवर्षं काढतो. त्यांची रोजची गोळी या कार्डात बसत नाही. गोळी सोडून लकवा मारला आणि भरती व्हावं लागलं, की मग कार्ड चालेल! राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तिथं गोळी मिळते. पण त्याला हे कार्ड लागत नाही, आणि साठा संपला की चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलचीच.

‘कुठल्याही दवाखान्यात’ नाही, योजनेत असलेल्याच. ‘प्रत्येकाला ५ लाख’ नाही, कुटुंबाला. आजी-आजोबा दोघं सत्तरीपुढचे असले तर दोघांत मिळून.

राहिले पोरांचे बहाणे. हे लिहिणाऱ्यानं राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५वी फेरी (२०१७-१८) उघडून बघावी. ग्रामीण भागात बाळंतपण सोडून एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी दवाखान्यात ४,२९० रुपये, खासगीत २७,३४७. पाहणी या योजनेआधीची आहे, कबूल. पण सरकारी दवाखाना तेव्हाही स्वस्तातलाच होता ना? तरी चार हजार गेलेच. शिवाय या आकड्यात गाडीभाडं नाही, सोबत राहणाऱ्याचं जेवण नाही, त्याचा बुडालेला रोजही नाही. हा खर्च बहुतेकांनी कमाईतून आणि साठवलेल्या पैशातून भागवला, आणि शंभरातल्या साधारण तेरा जणांनी कर्ज काढून. कर्ज काढून कोण बहाणे करतं?

आणि ‘पेन्शन असते ना’ म्हणणाऱ्यांसाठी: श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. तेही घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असलं किंवा वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवता आलं तर. त्यात आधी किराणा भरायचा की मेडिकलची उधारी, ते मेसेजवाल्यानंच सांगावं.