'हम होंगे कामयाब' आणि धर्मांतराची आवई

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यात चार मुद्दे असतात. 'हम होंगे कामयाब' हे धर्मांतरासाठी मिशनऱ्यांनी भारतात आणलेले चर्चचे भजन आहे. पीट सीगर नावाच्या अमेरिकी कम्युनिस्टाने ते लिहिले आणि त्यावर अमाप डॉलर कमावले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना हक्क मिळाले ते कायद्याने, गाण्याबिण्याने नव्हे. आणि परक्यांचे हे रडगाणे आपल्या मुलांच्या तोंडी हवेच कशाला? असल्या संदेशांना उत्तर देण्याच्या भानगडीत मी सहसा पडत नाही. पण यंदा माझ्या भाचीने, जी शिक्षिका आहे, पाचवीच्या मुलांकडून बसवून घेतलेले हे समूहगीत पालकांच्या गटात हा संदेश पडताच कार्यक्रमातून वगळण्यात आले, आणि वगळताना तो खरा की खोटा हे पाहण्याची तसदी कोणीही घेतली नाही.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. 'वी शॅल ओव्हरकम' या मूळ इंग्रजी गीताचे एक मूळ चर्चमध्ये सापडते. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांचे त्याच आशयाची ओळ असलेले भजन विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी प्रसिद्ध झाले होते. परंतु त्याची चाल वेगळी, कडवी वेगळी, आणि त्यात बोलणारा 'मी' एकटा आहे. मनाने हार मानली नाही तर एक दिवस मी तरून जाईन, असे तो म्हणतो. त्या 'मी'चा 'आम्ही' झाला तो संपांमध्ये. अमेरिकेतील खाणकामगारांच्या संघटनेच्या मुखपत्रात फेब्रुवारी १९०९ मध्ये छापलेल्या एका पत्रात, आदल्या वर्षीच्या संपातली प्रत्येक सभा प्रार्थनेने आणि 'वी विल ओव्हरकम' या जुन्या गाण्याने सुरू होत असे, असा उल्लेख आहे. पुढे ऑक्टोबर १९४५ मध्ये साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे सिगार कारखान्यातल्या कामगारांनी, ज्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, पगारवाढीसाठी संप केला. तो हिवाळाभर चालला, आणि दिवसभर फाटकावर निदर्शने करून थकलेल्या त्या बायका त्यांच्यातल्याच ल्युसिल सिमन्स यांच्या पाठोपाठ, अगदी संथ लयीत, हेच गाणे म्हणून घरी जात. भक्तिगीताच्या साच्यात ऐहिक अन्यायाची गोष्ट सांगणे महाराष्ट्राला तरी नवे वाटू नये. जोतीराव फुल्यांनी अभंगाच्या वळणाने 'अखंड' रचले आणि सत्यशोधक जलशांनी तमाशातला गण-गवळणीचा बाज घेऊन त्यात सावकार आणि भटशाही उभी केली. त्यावरून फुले विठ्ठलभक्तीचा प्रचार करत होते, असा निष्कर्ष कोणी काढत नाही.

चार्ल्सटनच्या संपकऱ्यांकडून हे गाणे टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांच्या शाळेत पोहोचले आणि तिथल्या संगीतप्रमुख झिल्फिया हॉर्टन यांनी ते पुढे अनेकांना शिकवले. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका पंगतीत बसणे जिथे कायद्याला मंजूर नव्हते, त्या राज्यात ही शाळा दोघांना एकत्र ठेवून शिकवत असे. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देण्याच्या काही महिने आधी, १९५५ च्या उन्हाळ्यात, रोझा पार्क्स येथेच शिबिराला आल्या होत्या. ३१ जुलै १९५९ च्या रात्री दारू शोधण्याच्या निमित्ताने पोलिसांनी या शाळेवर धाड घातली आणि दिवे घालवले. अंधारात अडकलेल्यांमध्ये अलाबामातील माँटगोमेरीहून आलेली चौदा वर्षांची एक मुलगी होती. जमीला जोन्स या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या त्या मुलीने नंतर मुलाखतीत सांगितले आहे की, त्या काळोखात या गाण्याला 'आम्हाला भीती नाही' असे नवे कडवे जोडून सगळी मुले मोठमोठ्याने गाऊ लागली. तेव्हा एक पोलीस तिच्याजवळ आला आणि गायचेच असेल तर इतक्या जोरात गायला हवे का, असे विचारू लागला, आणि ते विचारताना त्याचे हात थरथरत होते. दोन वर्षांनी राज्य सरकारने ती शाळा बंद पाडली. कडवे मात्र राहिले. आपली मुले 'नहीं डर किसी का आज' म्हणतात, तेव्हा हेच कडवे म्हणत असतात. या साऱ्या प्रवासात धर्मांतर नेमके कुठे होते, हे संदेश लिहिणाऱ्याने एकदा दाखवून द्यावे.

सीगर यांच्यावरचा आरोप कागदोपत्रीच निकालात निघालेला आहे. ते काही काळ कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, हे खरे. त्यांनी ते लपवलेले नाही. हे गाणे आपण लिहिले, असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत. १९६० च्या दशकाच्या आरंभी कॉपीराइट नोंदवला गेला तो हॉर्टन आणि फ्रँक हॅमिल्टन, गाय कॅरावान व सीगर हे तीन लोकगायक अशा चौघांच्या नावे, आणि त्यांच्या वाट्याची रॉयल्टी दक्षिणेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधील कामांसाठी स्थापलेल्या निधीकडे वळवण्यात आली. पुढे हा हक्कच न्यायालयात गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायाधीश डेनिस कोट यांनी, गाण्याच्या पहिल्या कडव्यात आधीच्या पारंपरिक रूपापेक्षा निराळे ठरावे असे पुरेसे नवे काही नाही, म्हणून त्यावर कोणाचीही मालकी सांगता येणार नाही, असा निर्णय दिला. २०१८ च्या आरंभी तडजोड होऊन गाणे सर्वांसाठी खुले झाले. ते कोणा एकाने लिहिलेले नाही, याला याहून भक्कम पुरावा मिळणे कठीण आहे. ते चौघेही गोरे होते आणि ल्युसिल सिमन्स यांचे नाव त्या नोंदीत कुठेच नव्हते, हा खरा बोचणारा मुद्दा आहे, पण संदेशकर्त्याला तो सुचलेला नाही.

हक्क कायद्याने मिळाले, हे कोण नाकारतो? प्रश्न तो कायदा कसा झाला, हा आहे. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराचा मारा केला. त्यानंतर आठ दिवसांनी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, संयुक्त अधिवेशनात मतदान हक्क विधेयकाची मागणी केली आणि त्या भाषणात मोर्चेकऱ्यांच्याच गाण्याची ओळ उच्चारली. दक्षिणेकडच्या टेक्सासचा हा मुरब्बी राजकारणी ती ओळ सहज बोलून गेला असेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. निदर्शकांची भाषा सरकारची भाषा झाली आहे, हे त्याला देशाला ऐकवायचे होते. ऑगस्टमध्ये कायदा झाला. एकट्या गाण्याने तो केला असे कोणीच म्हणत नाही, परंतु लाठी खाऊनही दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर उभे राहणारी माणसे एकत्र कशाने राहत होती, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत मिळत नाही.

चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. आपण गातो ते हिंदी गीत 'तारसप्तक' या हिंदी काव्यसंग्रहातले कवी गिरिजाकुमार माथुर यांचे आहे, बंगालीतही त्याची रूपे गायली जातात, आणि रडगाणे म्हणावे असे त्यात एकही कडवे नाही. या गाण्याविरुद्ध काही म्हणायचेच असेल, तर ते वेगळे आहे: पुष्पगुच्छ आणि पाहुण्यांची भाषणे यांच्यामध्ये बसवून आपण ते इतके निरुपद्रवी केले आहे की ते कोणाविरुद्ध गायले जात होते, हे मुलांना कोणी सांगतच नाही. १९८३ च्या 'जाने भी दो यारों'च्या शेवटी भ्रष्ट माणसे मोकळी सुटतात, दोघे निरपराध छायाचित्रकार कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावरून चालत जातात आणि मागे हेच गाणे वाजते. तशी तक्रार पालकांच्या गटात कोणी मांडली असती, तर भाचीने आणि मीही ती आनंदाने ऐकून घेतली असती.