मला दहा दिवस, त्यांना एकवीस

‘मेंटेनिंग युवर स्टेटस इज युवर रिस्पॉन्सिबिलिटी.’ म्हणजे, विद्यार्थी व्हिसाचे नियम पाळून इथला कायदेशीर दर्जा टिकवणं ही तुमचीच जबाबदारी. अमेरिकेत आल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की कुणी नुसतं ‘मेंटेनिंग’ म्हटलं तरी डोक्यात तिडीक जाते. ओरिएंटेशनला ऐकलं, प्रत्येक मेलच्या तळाशी वाचलं आणि काल आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात काउंटरपलीकडच्या बाईंनी गोड हसून तेच पुन्हा ऐकवलं. मान्य आहे हो बाई, माझीच जबाबदारी. मग सेव्हिसमधलं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी ठेवणाऱ्या सिस्टिममधलं, बटण तेवढं माझ्या हातात का नाही?

झालं असं, ऑगस्टमध्ये लीज संपली म्हणून घर बदललं. एफ-1 वाल्याने, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने, पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचं असतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. खोके उघडलेले नव्हते, गादी जमिनीवर होती, टेबल नव्हतंच. तिसऱ्याच दिवशी ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याउभ्या कॉलेजच्या पोर्टलवर नवा पत्ता भरला. हिरवी टिक आली. सुटले म्हटलं. दीड महिन्याने मेल: तुमच्या नोंदीतला पत्ता जुना आहे, त्वरित दुरुस्त करा, अन्यथा तुमच्या स्टेटसवर परिणाम होऊ शकतो.

कारण काय, तर पोर्टलवर पत्त्याचे तीन रकाने आहेत. मेलिंग, लोकल, पर्मनंट. मी भरला मेलिंगमध्ये, आणि सेव्हिसमध्ये जातो तो लोकल. हे लिहिलंय कुठे? एका पीडीएफमध्ये, शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. आणि स्क्रीनवर काय दिसलं होतं? हिरवी टिक!

आता खरी गंमत ऐका. नियमाप्रमाणे मी कळवायचं दहा दिवसांत, आणि कॉलेजने ते सेव्हिसमध्ये चढवायचं एकवीस दिवसांत. माझ्या दहामध्ये शनिवार-रविवार धरलेले आहेत, घर हलवताना आलेला ताप धरलेला आहे, मिडटर्म धरलेली आहे. त्यांच्याकडून चूक झाली तर ‘सिस्टिम इश्यू’, माझ्याकडून झाली तर ‘आउट ऑफ स्टेटस’. बरं, ही सेव्हिस पोसतंय कोण? व्हिसाच्या मुलाखतीआधी 350 डॉलर भरून आलेय मी! त्यातलं एक अक्षर मला शिकत असताना स्वतः बदलता येत नाही. प्रत्येक गोष्ट डीएसओमार्फत, म्हणजे कॉलेजने या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांमार्फत. डीएसओ बिचारे मोजके, विद्यार्थी हजारो, त्यामुळे त्यांच्यावरही किती चिडणार. पण मग निदान ते हसू तरी आवरा.

क्रेडिटचं वेगळंच. आमच्याकडे मास्टर्सला नऊ क्रेडिट म्हणजे फुल-टाइम, अंडरग्रॅडच्या पोरांना बारा. त्याखाली गेलात की संपलं, आधी परवानगी घेतली असेल तरच सूट. गेल्या सेमिस्टरला एका विषयात माझी पार वाट लागली होती. प्राध्यापकांना भेटायला गेले. भला माणूस, खुर्ची दिली, चहा घेणार का विचारलं आणि म्हणाले, ड्रॉप करून टाक, पुढच्या वर्षी घे, त्यात काय. शेजारी बसणाऱ्या अमेरिकन पोराला त्यांनी हेच सांगितलं होतं, त्याने तिथल्या तिथे फोनवरून विषय सोडला आणि जेवायला गेला. मी सोडला असता तर सहा क्रेडिट, आणि थेट बॅगा भरायच्या. त्यांना हे माहीतच नव्हतं! वीस वर्षं शिकवताहेत, अर्धा वर्ग आमच्यासारख्यांचा. पण माहीत असणं ही माझी जबाबदारी.

आणि डिपार्टमेंटने मात्र सेमिस्टर सुरू व्हायच्या चार दिवस आधी माझा दुसरा विषय ऑनलाइन करून टाकला. फुल-टाइममध्ये ऑनलाइनचा एकच विषय, म्हणजे तीनच क्रेडिट धरतात. माझा एक आधीच ऑनलाइन होता. मग मी रडतभेकत वेटलिस्टवर, आणि शेवटी ज्यात काडीचा रस नाही असा विषय पदरात. त्याचीसुद्धा फी पूर्ण.

कॅन्टीनमधल्या नोकरीबद्दल तर बोलायलाच नको. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास, बस. सुपरवायझरचा शुक्रवारी रात्री मेसेज: अमुक आजारी आहे, दोन तास येशील का? माझे साडेएकोणीस झालेले. नाही म्हटलं तर ‘टीम प्लेअर नाही’, हो म्हटलं तर कायदा मोडला. तिला कुणी जाब विचारणार नाही, पुढच्या आठवड्याचा रोस्टर ती निवांत लावेल. मी नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात मला बाराच तास मिळाले.

आणि आपले लोक! आपले सीनियर तर धन्य आहेत. ‘काही होत नाही गं, सगळे करतात.’ पेट्रोल पंपावर रोखीने कर, मित्राच्या स्टार्टअपमध्ये ‘शिकायला’ म्हणून बस, कोण बघतंय. तुझं काही झालं नाही दादा, कारण तुझ्यावर कुणाची नजर पडली नाही. ज्यांच्यावर पडली ते परत गेले आणि व्हॉट्सअॅप ग्रुपमधूनही गुपचूप बाहेर पडले, म्हणून त्यांचे किस्से तुला ऐकू येत नाहीत. याच महाभागांना फॉर्म 8843, म्हणजे आमच्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांनी टॅक्स खात्याला द्यायचा फॉर्म, विचारला तर म्हणतात, मी कमावत नाही, मला कशाला टॅक्सचं. अरे, एक सेंट नाही कमावला तरी भरायचा असतो तो!

घरी हे काही सांगताच येत नाही. बाबांना फोनवर म्हटलं, पत्त्याचं झंझट झालंय. म्हणाले, पोस्टात कळव. मी म्हटलं हो.

तर काल ऑफिसात का गेले होते? डिसेंबरचं तिकीट काढलंय. आय-20 वरची, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या कागदावरची, प्रवासाची सही वर्षभरच चालते, माझी नोव्हेंबरात संपतेय. ती नसताना परत येताना विमानतळावर अडकले तर पुन्हा, जबाबदारी कुणाची ते तुम्हीच सांगा. विनंती टाकून दोन आठवडे झाले होते. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. विनंती होल्डवर. कारण: पत्ता जुळत नाही.

मी म्हटलं, तो तर मी मेल आला त्याच दिवशी लोकलच्या रकान्यात टाकला. त्या म्हणाल्या, हो, दिसतोय की इथे, फक्त सेव्हिसमध्ये अजून चढवलेला नाही. अजून एकवीस दिवस व्हायचेत.