डिझेल का दिली नाही, २३ चं १४ कसं झालं: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला, घरी जाऊन परत वाचला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यातली एक गोष्ट एकदम बरोबर आहे म्हणून आधी तीच घेतो. बाकी जे लोक वाचून राहिले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, भाऊ मार्चमध्ये आमच्याकडे सेकंडहँड डिझेल गाडी बघायला आले होते, त्यांचं म्हणणं आम्ही २०२२ ची वॅगन आर १.२ पेट्रोल त्यांच्या गळ्यात मारली, २३ चा ॲव्हरेज सांगितला आणि मिळतो १४, मेहुणा सीएनजीवर मजेत फिरून राहिला, निदान १.० म्हणजे छोट्या इंजिनाची दिली असती तर परवडली असती, आणि हे सगळं आम्ही कमिशनसाठी केलं.

२३ चं आधी. हा आकडा आमच्या पोराने सांगितला, मी बाजूलाच बसलो होतो आणि मध्ये बोललो नाही, त्यामुळे चूक माझी आहे, पोराची नाही. २३.५६ हा त्या गाडीचा एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासून ॲव्हरेज ठरवणाऱ्या संस्थेचा आकडा. तो खरा आहे पण तो लॅबमध्ये रोलरवर गाडी चढवून काढतात, एसी बंद, ९० च्या वर स्पीड नाही, ना सिग्नल ना खड्डा ना मागून हॉर्न. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभी केलेली गाडी उघडली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही, पहिली दहा मिनिटं एसी फुल्लवर चालतो आणि तुमचं घर ते ऑफिस अंतरच सहा किलोमीटर, म्हणजे गाडी थंड होईपर्यंत तुम्ही पोचलेले असता. त्यात सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन एसी जोरात असला की बंदच होत नाही, तो फायदाही गेला. वरून आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, तिथेही थोडं जातं. तुम्हाला गाडी देतानाच सांगायला पायजे होतं की शहरात एसी लावून १५-१६ धरा, उन्हाळ्यात त्याहून कमी. सांगितलं नाही. माफी मागतो. या आठवड्यापासून आमच्या कुठल्याच गाडीवर एआरएआयचा आकडा एकटा लिहिणार नाही, आम्ही स्वतः टाकी टू टाकी, म्हणजे टाकी फुल्ल करून, चालवून, परत फुल्ल करून काढलेला शहरातला आकडा बाजूला लिहू.

आता डिझेल. इथे मात्र मी माझ्या शब्दावर आहे भाऊ, उद्या परत आले तरी हेच सांगीन.

तुम्ही आले तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारला आठवा, बजेट नाही विचारलं, रनिंग विचारलं. तुम्ही म्हटलं रोजचं ऑफिस आणि महिन्यातून एकदोनदा गाव, सगळं धरून ७०० किलोमीटर. तुमचाच १४ चा ॲव्हरेज घेऊ, माझा नको. ७०० ला ५० लिटर लागतं, पेट्रोल १०४ धरलं तर ५,२०० रुपये महिना. डिझेल शहरात १९ देईल असं समजा, ३७ लिटर, ९१ ने साधारण ३,३५०. महिन्याला १,८५० वाचले, वर्षाला २२ हजार. आणि तुम्हाला जी डिझेल आवडली होती ती या गाडीपेक्षा १ लाख १० हजाराने महाग होती. म्हणजे नुसती जास्तीची किंमत फिटायलाच पाच वर्षं, आणि त्यात डिझेलची महाग सर्व्हिस मी धरलीच नाही. इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम निघालं तर एकदोन वर्षांची बचत एका बिलात जाते.

दुसरं कारण पैशापेक्षा मोठं आहे. ती डिझेल गाडी बीएस६ होती, म्हणजे प्रदूषणाच्या नवीन नियमाची. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेलमध्ये सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ म्हणून फिल्टर असतो, तो काजळी धरून ठेवतो आणि एक्झॉस्ट चांगला तापला की ती काजळी आतल्या आत जाळतो. त्यासाठी गाडी हायवेवर एका दमात पळायला पायजे. सहा किलोमीटर जाऊन बंद, संध्याकाळी परत सहा किलोमीटर, यात ते इंजिन धड गरमच होत नाही. फिल्टर भरतो, मीटरवर दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि लोक वर्कशॉपमध्ये येऊन म्हणतात गाडी खराब निघाली. गाडी खराब नसते भाऊ, तिला जे काम पायजे ते तिला मिळत नाही. असे कितीतरी लोक माझ्यासमोर रडकुंडीला आलेले मी पाहिलेत, म्हणून तुम्हाला अडवलं.

माझं डिझेलशी वाकडं नाही. मारुती, फियाट, टाटा सगळ्यांच्या गाड्यांत जे १२४८ सीसीचं १.३ इंजिन यायचं ते मी मनापासून मानतो, त्याच्यावरच मी हे काम शिकलो. मारुतीने २०२० मध्ये बीएस६ आल्यावर डिझेल बंदच केली, तेव्हा मला खरंच हळहळ वाटली. आजही कोणी चंद्रपूर किंवा अमरावती आठवड्यातून तीनचारदा करणारा आला तर मी स्वतः त्याला डिझेल दाखवतो, दीडशे किलोमीटर एका दमात, तिथे तिला तोड नाही. तुमचं रनिंग ते नाही.

मेहुण्याचं सीएनजी. त्यांचं गणित बरोबर आहे, मी नाही म्हणणार नाही. किलोला शहरात २४ मिळाले आणि गॅस ९० धरला तर ७०० किलोमीटरला २,६०० च्या आसपास, म्हणजे तुमच्या निम्मा खर्च. फक्त पैसे बघायचे असते तर मी तुम्हाला डोळे झाकून सीएनजी दिली असती. पण वॅगन आरमध्ये सीएनजी टाकली की डिक्की टाकीने भरते, आणि तुमच्या घरी डिक्की मोकळी का लागते ते तुम्हीच मला सांगितलं होतं, ते इथे सगळ्यांसमोर लिहीत नाही. टाटाने २०२३ मध्ये दोन छोट्या टाक्या खाली बसवून डिक्की वाचवली, ते डोकं चांगलं लावलं त्यांनी, पण तशी गाडी तुमच्या बजेटमध्ये तेव्हा माझ्याकडे नव्हती. शिवाय सीएनजी फक्त १.० मध्येच येते आणि गॅसवर तिची ताकद ६७ पीएसवरून (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच माप) ५७ वर येते. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. पंपावरची लाइन तर तुम्ही बघताच. आणि गॅस कायम स्वस्तच राहील असं मी कोणालाच छातीठोक सांगत नाही, मार्च २०२२ मध्ये आपल्याच नागपुरात सीएनजी १२० रुपये किलो झाला होता, पेट्रोलपेक्षा महाग, तेव्हा किट बसवलेले लोक पेट्रोलवरच गाड्या चालवत होते.

१.० चं म्हणाल तर कागदावर तिचा २४.३५ आणि तुमच्या १.२ चा २३.५६, एक किलोमीटरचाही फरक नाही. ताकद मात्र ६७ आणि ९०, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर ८९ आणि ११३. तुम्ही म्हटलं होतं गावाला जाताना पाच जण आणि सामान. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, तो ताकद तिथूनच घेतो, मग भरलेल्या गाडीत ट्रकला ओव्हरटेक करायचं तर १.० ला गिअर खाली घेऊन रेस करावीच लागते, आणि एवढं पिळलं की कागदावरचा तो एक किलोमीटर कुठच्या कुठे जातो. एकटा माणूस, शहरातल्या शहरात, तर १.० मस्त आहे, माझी बायको स्वतः तीच चालवते. पाच जणांना १.२, चार सिलिंडर आहे, सिग्नलला थरथरतही नाही. यात मी तुमचं नुकसान केलं असं मला अजूनही वाटत नाही.

राहिलं कमिशन. भाऊ, ती डिझेल माझ्याच यार्डात तीन महिन्यांपासून उभी होती, माझेच पैसे अडकले होते त्यात. ती तुम्हाला दिली असती तर माझा फायदा जास्त होता, आणि तुम्ही तर ती घ्यायलाच आले होते, मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नसतं. हे वाचून मला सगळ्यात जास्त लागलं म्हणून लिहिलं.

पण १४ मला जरा कमी वाटतो, उन्हाळा धरूनही. टायरची हवा, एअर फिल्टर, ब्रेक जाम आहे का, किंवा क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय, यातलं काहीतरी असू शकते. शनिवारी सकाळी सातला गाडी घेऊन या, ऊन चढायच्या आत. पंपावर ऑटोकट होईपर्यंत टाकी भरू, पैसे माझे, तुम्ही चालवा मी बाजूला बसतो, बर्डीतून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, गर्दीत एक चक्कर आणि मग वर्धा रोडने बुटीबोरी जाऊन परत, त्याच पंपावर त्याच नोझलने परत भरू आणि हिशोब तिथेच करू. काही निघालं तर काम फुकट करून देतो. एवढं करूनही गाडी नकोच वाटली तर ऑगस्टपर्यंत मी परत घेतो, तुम्ही दिलेल्या किमतीतून फक्त चाललेल्या किलोमीटरचे चार रुपयाने कापून. फोन मी उद्या सकाळी करतो, तोच नंबर आहे ना तुमचा?