पडद्यावरची गाय आणि गोठ्यातली गाय

‘रोज अर्धा तास मुलाला प्रोग्रामसमोर बसवा, शब्द आपोआप वाढतील’ हे स्वमग्न मुलांना शब्द शिकवणाऱ्या टॅबवरच्या प्रोग्रामबद्दलच्या लेखातलं वाक्य खटकलं. आपोआप काही होत नाही हो! आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातले. माझा पुतण्या सात वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). टॅबवर काळ्या-पांढऱ्या गाईचं चित्र आलं की टॅबच्याच आवाजात ‘गाय’ म्हणायचा. गोठ्यातल्या आमच्या पांढऱ्या गवळाऊ जातीच्या गाईकडे बोट दाखवलं की गप्प. त्याच्यासाठी ती गायच नव्हती.

मग वहिनीनं मोबाइलवर घरचेच फोटो काढले: आपली गाय, बंडी (बैलगाडी), पऱ्हाटीचं म्हणजे कपाशीचं वावर, चुलीवरची भाकर. चित्र दाबलं की शब्द बोलणाऱ्या, आयआयटी मुंबईच्या ‘जेलो’सारख्या फुकट ॲपमध्ये आपले फोटो टाकता येतात. पण खरी मेहनत पुढं होती. फोटो दाबला की लगेच ती वस्तू हातात द्यायची, दिवसातून वीसदा. आणि पुस्तकी ‘पाहिजे’ नाही, घरात बोलतो ते ‘पायजे’. तीन महिन्यांनी गोठ्याच्या दारात उभा राहून तो स्वतःहून ‘गाय’ म्हणाला. टॅब तेव्हा घरात चार्जिंगला होता. शेजारी बसणाऱ्या माणसाबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.